पिंकीला कुणी विचारलं?

पिंकी "व्हय" म्हणाली आणि घरातला प्रश्न सुटला. निदान सयाजीला तसं वाटलं.

तुमच्याआमच्या घरात बारावीच्या निकालानंतर येतो, तोच हा प्रश्न होता. पोरगी खेळात चांगली, मार्कही बरे. फार्मसीला नंबर लागलेला आणि जागा पक्की करायची शेवटची तारीख शनिवार. लगेच रविवारी खो-खोच्या राज्य संघासाठी निवड चाचणी. सोमवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर सयाजीनं चपला काढता काढताच निकाल देऊन टाकला.

"यंदा कालेज न्हाय. ह्ये वरीस नुसतं खेळायचं. कालेजात अडकलीस की प्रॅक्टिस ग्येली. राज्याकडनं एकदा का खेळलीस, की खेळाडूच्या कोट्यात नोकरी. काय, बरोबर हाय न्हवं?"

"व्हय, पप्पा."

कोट्याची ही माहिती त्याला कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर मिळाली होती. चहाच्या गाड्यावर ऐकलेलं आपण सरकारी आदेशापेक्षा जास्त मानतो, हे मी नव्यानं सांगायला नको.

सयाजीची बायको वैजयंती शिलाई मशीनवर टॉवेलच्या कडा दुमडत बसली होती. फार्मसीचा अर्ज तिनंच भरून घेतला होता. पण नवऱ्यानं सांगितलं, पोरगी व्हय म्हणाली, म्हणजे विषय मिटला. तिनं मान वर न करता पुढचा टॉवेल ओढला. पिंकीनं ताट वाढून घेतलं, जेवली, ताट घासून ठेवलं. चेहऱ्यावर राग नव्हता की आनंद नव्हता. सयाजीला याचं फार कौतुक. "आमची पिंकी एका शब्दानं उलटून बोलत न्हाय," असं तो अख्ख्या कुंभारी गावात सांगायचा. अशा पोरांचं कौतुक आपण सगळेच करतो. ती उलटून का बोलत नाहीत हे बघायला मात्र कुणाला सवड नसते.

सयाजी मूळचा वळसंगचा. शेत भावाकडे सोपवून वीस वर्षांपूर्वी कुंभारीत राहायला आला आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात लागला. चार माग सांभाळायचा. मागांच्या खडखडाटात कान निम्मे गेले होते आणि उजवा खांदा पार कामातून गेला होता. पण खांदा दुखायचा नाही, कारण सयाजी त्याला दुखू देत नसे. चार वाजता चहाची सुट्टी व्हायची. चहावाल्यानं बिस्किटांच्या बरणीशेजारी दुखण्याच्या गोळ्यांची बरणी ठेवलेली. एक चहा, एक गोळी. त्या गाड्यावर कुणी कुणाला 'दुखतंय का' असं विचारत नाही. 'घेतली का?' असं विचारतात. घेतली म्हटलं की माणूस पुन्हा मागावर जायला मोकळा.

सहा महिन्यांपूर्वी पिंकीचा उजवा गुडघा सुजला. खो-खोत चौकोनात उकिडवं बसायचं आणि खो मिळाला की बसल्या जागेवरून झेप घेऊन पळायचं. गुडघ्यानं किती सोसायचं? खेळाच्या सरांनी सांगितलं, तीन आठवडे विश्रांती द्या आणि डॉक्टरला दाखवा. सयाजीला वाटलं, सरांना दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीला पुढं काढायचंय. त्या दिवशी चहाच्या गाड्यावरून त्यानं दोन गोळ्या जास्त घेतल्या, कागदात बांधल्या आणि घरी नेल्या.

वाचकहो, हा माणूस दुष्ट नव्हता. पाळी संपली की त्याची मोटारसायकल थेट मैदानावर यायची. कडेला उभा राहून तो मोबाइलवर वेळ लावायचा, पिंकी किती मिनिटं, किती सेकंद बाद न होता टिकली ते मोजायचा आणि घरी येईपर्यंत ते आकडे पुटपुटत राहायचा. दिवसभर माग जसा चालायचा तसा तोही चालायचा. आपल्याला काहीतरी वाटतंय असं त्याला त्या अर्ध्या तासातच वाटायचं. तो अर्धा तास टिकावा म्हणून मैदानात उतरायच्या आधी तो रोज पोरीला विचारायचा, "घेतली का?"

"व्हय, पप्पा."

मंगळवारी चार वाजता तो नेहमीप्रमाणे दोन गोळ्या कागदात बांधत होता, तेव्हा रत्नम्मानं ते पाहिलं. रत्नम्मा घडीखात्यात टॉवेल तपासायची. पन्नाशी उलटलेली, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारी. सगळा कारखाना तिला अक्का म्हणायचा. ती चहा घ्यायची, गोळी कधी घ्यायची नाही.

"ह्या दोन कुणाला रे?"

"पोरीला, अक्का. रविवारी सिलेक्शन हाय."

"पोरीला? किती दिस झालं खाती?"

"झालं की सा म्हैनं."

रत्नम्मानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "अय्यो देवा! सयाजी, आमचा सिद्धाप्पा ठावं हाय न्हवं तुला?"

सिद्धाप्पा म्हणजे तिचा नवरा. याच रस्त्यावर दुसऱ्या एका कारखान्यात मागावर होता. तीन वर्षं झाली, घरीच असतो.

"त्यो बी ह्येच खात हुता. सोळा वरसं. एकाची दोन झाली, दोनाची तीन झाली. आता किडन्या ग्येल्या. हप्त्याला दोन डाव रगत धुवून आणाया नेते मी त्याला. डाक्टर इचारला, येवढ्या गोळ्या कशाला खाल्लास? ह्यो म्हनला, दुखत हुतं. डाक्टर म्हनला, दुखत हुतं तवा थांबायचं हुतं की."

"आपुन कसं थांबणार, अक्का? माग थांबला की पगार थांबतो."

"त्ये खरं हाय तुझं. आपला माग थांबला तर चूल थांबती, म्हनून आपुन खातो. पण पोरीचा कुटला माग हाय रे? ती थांबली तर काय थांबतंय?"

सयाजीनं गोळ्यांचा कागद खिशात सारला.

"मी सांगते. ती थांबली तर तुझं थांबतंय. तुझं मैदान, तुझं मोबाइलमधलं घड्याळ. पोरीला माग केलास रे सयाजी! चालती तवर चालवायचा!"

आजूबाजूचे दोघंतिघं वळून बघायला लागले. सयाजी चिडला. "तिला आवडतं म्हनून खेळती ती. मी काय जबरदस्ती करत न्हाय. रोज इचारतो की तिला."

"काय इचारतोस?"

आपण रोज काय विचारतो ते त्याला आठवलं. अक्कासमोर ते उच्चारायची त्याला लाज वाटली. सुट्टी संपली, सगळे आत गेले, तोही गेला. गोळ्यांचा कागद खिशातच राहिला.

संध्याकाळी तो मैदानावर आला, पण मोबाइल काढला नाही. पिंकी पळत होती. खांबाला हात लावून वळताना तिचा पाय सरकला, ती गुडघ्यावर आपटली, उठली आणि तशीच पळत राहिली. डाव संपल्यावर पाणी प्यायला आली तेव्हा गुडघ्यापासून पावलापर्यंत रक्ताचा ओघळ आला होता. तिला पत्ताच नव्हता. शेजारच्या पोरीनं बोट दाखवलं, "पिंके, रगत!" तेव्हा तिनं खाली पाहिलं. पाय दुसऱ्या कुणाचा असावा तशी पाहत राहिली आणि बाटलीतलं थोडं पाणी त्यावर ओतलं.

"दुखतंय का?" सयाजीनं विचारलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"घेतलीया, पप्पा," ती म्हणाली.

घरी आल्यावर त्यानं तिला समोर बसवलं. वैजयंतीला मशीन बंद करायला लावलं.

"पिंके, खरं सांग. तुला काय करायचंय? खेळायचंय का फार्मसीला जायचंय?"

"तुमी म्हणाल तसं."

"माझं न्हाय इचारत. तुझं सांग."

"रविवारी सिलेक्शन हाय की."

"त्ये मला म्हाईत हाय! तुला काय वाटतं त्ये सांग!"

बापाचा आवाज चढला तरी पिंकी घाबरली नाही, रडली नाही. परीक्षेत प्रश्नच न समजलेल्या मुलीसारखी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं अगदी मनापासून विचारलं,

"पप्पा, कुठलं उत्तर बरोबर हाय?"

अरेरे! काय ही वेळ! मैदानात नऊ जणी मागं लागल्या तरी जी हाताला लागत नव्हती, त्या अठरा वर्षांच्या पोरीला स्वतःला काय हवं ते सांगता येईना! अशा वेळी बापाला रडू यायला हवं, सयाजीला तेही आलं नाही.

तेव्हा वैजयंती म्हणाली, "दोन न्हाय, चार खाती ती. दोनानं भागत न्हाय आता. दप्तरात पाकिटं घावली मला. म्हैना झाला."

"मग बोलली का न्हाईस?"

"मी बी खाते की. दिवसभर बसून कंबर धरती. मला वाटलं, येवढं चालतंय."

एका खोलीत तिघं बसले होते आणि तिघांपैकी कुणालाच काही दुखत नव्हतं. वैजयंतीनं उठून भाताचं पातेलं उतरवलं आणि तिघं जेवले.

बुधवारी सयाजीनं खाडा केला आणि पिंकीला सोलापुरात हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं फोटो काढले, रक्त तपासायला पाठवलं, गुडघा दाबून बघितला. दुपारी सांगितलं, "गुडघ्याची शीर ताणली गेलीय, तुटलेली नाही. रक्तही अजून ठीक आहे. असंच आणखी काही दिवस चाललं असतं तर दोन्हींची खात्री मी दिली नसती. दीड महिना खेळ बंद. या गोळ्या आजपासून बंद. सूज वाटली की बर्फ लावा."

परत येताना सयाजीच्या डोक्यात सगळं भराभर जुळलं. रविवार गेला, जाऊ दे. शनिवार अजून हातात आहे. गाडी चालवता चालवता तो मान वळवून म्हणाला, "मग ठरलं. शनिवारी फार्मसीची ॲडमिशन घिऊन टाकू. बरोबर न्हवं?"

"व्हय, पप्पा."

सोमवारी खेळाला मिळालेला तो "व्हय" आणि आज कॉलेजला मिळालेला हा "व्हय" यांत कणभर फरक नव्हता. सयाजीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. टॉवेलच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक टेम्पो हॉर्न वाजवत बाजूनं गेला. आपण पुन्हा तेच केलं, हे त्याला कळलं. निकाल उलटा दिला, पण दिला आपणच.

"न्हाय, पिंके," तो म्हणाला. "काईच ठरलं न्हाय. तू सांगशील तवा ठरंल."

"आन तवर शनिवारची तारीख गेली तर?"

"जाऊ दे."

हे दोन शब्द बोलायला बापाला किती जड गेले असतील, ते ज्यांच्या घरी प्रवेशाची शेवटची तारीख येऊन गेलीय त्यांना विचारा.

गुरुवार नुसताच गेला. पिंकी भिंतीला टेकून बसली. वैजयंतीचं मशीन चाललं. सयाजी कामावर गेला आणि आला.

शुक्रवारी सकाळी पिंकी मोरीकडे जायला उठली आणि भिंत धरून खाली बसली. "आई गं! मम्मे, दुखतंय! लई दुखतंय गं!" ती ओरडली आणि हमसून रडायला लागली. सयाजी धावला. सवयीनं हात खिशात गेला. मग त्यानं हात बाहेर काढला आणि शेजारून बर्फ मागून आणला. बर्फ टॉवेलात गुंडाळून तो तिच्या गुडघ्याला धरून बसला. पिंकी रडत होती आणि रडता रडता बोलत होती.

"मला तवाच दुखत हुतं! सरांनी सांगितलं हुतं, तुमी ऐकलं न्हाय! मी दोनदा म्हणलं हुतं, तुमी गोळी दिली! मग मी म्हणायचंच सोडलं! तुमच्यामुळं झालं ह्ये समदं!"

वैजयंतीनं तिला गप्प करायला हात पुढं केला. सयाजीनं तो अडवला. "बोलू दे तिला," तो म्हणाला. एका शब्दानंही उलटून न बोलणारी त्याची पोर अर्धा तास उलटून बोलत होती. प्रत्येक शब्द त्याला लागत होता आणि प्रत्येक शब्द खरा होता. त्या दिवशी तो कामावर गेला नाही.

शनिवारी सकाळी फार्मसीचा कागद पेटीवर तसाच पडला होता. पिंकीनंच विषय काढला.

"मला फार्मसीला न्हाय जायचं. त्यो अर्ज मम्मीनं भरला, मावशीची पोरगी करती म्हणून. त्याच्या आधी सायन्स तुमी घेतलं. मला कुणी इचारलंच न्हाय."

"बरं. मग?"

"मला भूगोल घ्यायचाय."

"भूगोल?" कानानं दगा दिला असं सयाजीला वाटलं. "म्हंजी आर्ट्स? येवढं मार्क..." पुढचं वाक्य त्यानं गिळलं. गिळताना त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"आमी मॅचला बाहेर जातो ना, तवा बाकीच्या पोरी बसमधी झोपत्यात. मी खिडकीत बसती. आपली काळी जमीन कुटं संपती, घाट उतरल्यावर लाल माती कुटनं लागती, नदीचं पात्र कुटं मोठं हुतं, त्येच बघत बसती. मी किती सेकंद टिकली त्ये तुमाला पाठ हाय. मला त्यातलं काई आठवत न्हाय, पप्पा. मला रस्ता आठवतो."

सहा वर्षं हा बाप आकडे पाठ करत होता. पोरगी काय बघतेय हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं.

"आन खेळ?" त्यानं हळूच विचारलं.

"गुडघा बरा झाला की खेळणार. कालेजकडनं. मला आवडतं म्हणून खेळणार, कोट्यासाठी न्हाय. पण एक हाय." बोलू की नको असं तिला झालं. मग तिनं बापाच्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, "तुमी मैदानावर यायचं न्हाय."

वैजयंतीनं नवऱ्याकडे पाहिलं. दिवसातल्या चोवीस तासांपैकी त्याचा स्वतःचा असा तो एकच अर्धा तास, आणि पोरीनं तोच मागितला होता.

"कदीच न्हाय?" सयाजीनं विचारलं.

"मी बोलवंस्तोर न्हाय."

"बरं," तो म्हणाला. आपल्याला वाईट वाटतंय, हे त्याला स्वच्छ कळलं. कितीतरी वर्षांनी त्याला एवढं वाईट वाटलं होतं. तो पोरीसमोर रडला आणि रडताना त्याला लाज वाटली नाही.

फार्मसीची तारीख त्या दिवशी गेली. सोमवारी पिंकीनं सोलापुरातल्या एका कॉलेजात कला शाखेत प्रवेश घेतला. अर्ज तिनं स्वतः भरला. सयाजी बाहेर गाडीपाशी उभा होता. दीड महिन्यानं गुडघा बरा झाला आणि ती पुन्हा खेळायला लागली. सरावाहून घरी आली की आता ती सांगते, आज दुखलं, आज नाही दुखलं, आज खेळायचा कंटाळा आला. सयाजीची स्वतःची गोळी सुटली असं खोटं मी सांगणार नाही. माग चार आहेत, खांदा एकच आहे आणि त्या कारखान्यांत अजून कुणी कुणाला दुखतंय का असं विचारत नाही. त्याचाही जाब आपण कधीतरी मागायला हवा. पण पोरीसाठी नेलेल्या गोळ्यांचा कागद त्यानं फेकून दिला आणि चहावाल्याला बजावलं, "लेकरांसाठी मागितली तर कुणाला दिऊ नगंस."

बंधुभगिनींनो, खेळ की कॉलेज हा प्रश्न उद्या तुमच्याही घरी येईल. दोन कागद पोरांपुढं ठेवले म्हणजे त्यांना निवडायला दिलं, असं समजू नका. दोन्ही कागद बहुतेक वेळा आपणच भरलेले असतात. आपल्याला जे करता आलं नाही ते त्यांच्या पायांनी करून घ्यायचा आपल्याला हक्क नाही. त्यांना नीट विचारा, आणि विचारून झाल्यावर गप्प बसा, कारण जे कधी विचारलंच नाही त्याचं उत्तर यायला वेळ लागतो. ते उत्तर आलं आणि त्यात आपल्याला जागा नसली, तरी ते मान्य करा. मूल आपलं असलं तरी आयुष्य त्याचं आहे!

परवा चहाच्या गाड्यावर रत्नम्मानं विचारलं, "काय रे, बोलवली का पोरगी तुला मैदानावर?"

"अजून न्हाय, अक्का," सयाजी म्हणाला. "बोलवंल तवा जाईन."